व्हँपायर टी-११ : आधी लाकूड वाजवून बघा, इंजिन नंतर

पहिल्या पिढीतलं एखादं लढाऊ जेट घेऊन पुन्हा आकाशात न्यायचं ज्यांच्या मनात आहे, नुसती रंगरंगोटी करून फाटकाशी उभं करायचं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या गटाने डी हॅविलंड व्हँपायरचं दोन आसनी टी-११ घेतलं, पार सांगाड्यापर्यंत उघडलं आणि परत उडवलं. निकाल आधीच सांगून टाकते: घ्या. खाजगी गटाच्या हाताला आणि खिशाला झेपेल असं त्या काळातलं याच्याइतकं चांगलं जेट मला माहीत नाही. फक्त बघायला जाल तेव्हा सरळ इंजिनाकडे धावू नका. सगळे तेच करतात. आधी लाकूड बघा.

जेटमध्ये लाकूड कुठून आलं, असं अजूनही बरेच जण विचारतात. व्हँपायरचा मधला पॉड, ज्यात माणसं बसतात तो, लाकडी आहे. बर्चच्या प्लायचे दोन पातळ थर, त्यांच्यामध्ये बाल्साचा गाभा, जिथे जोर येतो तिथे स्प्रूस, आणि वरून कापड ताणून त्यावर डोप, म्हणजे कापड आवळून घट्ट करणारा लेप. मॉस्किटो विमान डी हॅविलंडने याच पद्धतीने बांधलं होतं: साच्यावर डावं-उजवं कवच वेगवेगळं करायचं, मग दोन्ही जोडायची. त्यामुळे कंपनीच्या कारागिरांना हे काम अंगवळणी पडलेलं होतं. पंख, मागचे दोन बूम (शेपटी धरणारे लांब दांडे) आणि शेपटी धातूची. दोन बूम का, याचंही उत्तर साधं आहे. तेव्हाच्या इंजिनाचा जोर बेताचा. लांब नळीतून झोत मागे न्यायचा म्हटलं तर त्यातला काही वाटेतच वाया जायचा. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपटी दोन दांड्यांवर मागे नेली.

माझं मूळ काम लाकडी ग्लायडर दुरुस्तीचं. प्लाय, सरस, कापड यांत हात मुरला तो तिथे. जेटच्या हँगरमध्ये मला बोलावलं ते याच कामासाठी, आणि इंजिनवाल्या मंडळींना पहिले काही दिवस ते जरा विचित्र वाटलं. पण हे विमान उडेल की नाही याचा निर्णय शेवटी लाकडानेच दिला, हे आज तीच मंडळी सांगतात. इंजिन खराब निघालं तर दुसरं शोधता येतं, काढून बसवता येतं. पॉड आतून कुजलेला निघाला तर तुम्ही विमान घेतलेलं नसतं, पंख आणि शेपटी घेतलेली असते.

थोडी वंशावळ, कारण तिचा सुट्या भागांशी थेट संबंध आहे. नमुना विमान २० सप्टेंबर १९४३ रोजी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला उडालं, चालवायला जेफ्री डी हॅविलंड ज्युनियर. तेव्हा त्याचं सांकेतिक नाव होतं स्पायडर क्रॅब. लढाईत उतरायच्या आत युद्ध संपलं, पण ३ डिसेंबर १९४५ला चाचणी वैमानिक एरिक ब्राऊन यांनी नौदलासाठी बदल केलेलं व्हँपायर एचएमएस ओशन या विमानवाहू नौकेवर उतरवलं. नौकेवर उतरण्यासाठीच तयार केलेलं जेट असं उतरण्याची ती पहिली वेळ. जुलै १९४८मध्ये सहा व्हँपायर अटलांटिक ओलांडून गेली, जेट विमानांत सगळ्यांत आधी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय हवाई दलात व्हँपायर आलं, आपलं पहिलं जेट, आणि पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती बांधलीही. एकूण तीन हजारांहून जास्त बनली. स्वित्झर्लंडने तर १९९०पर्यंत वापरली, नीट निगा राखून, आणि मग विकली. आज जगात जी उडती व्हँपायर दिसतात त्यांत ही स्विस विमानं बरीच आहेत. एखादं स्विस विमान समोर आलं तर चार पैसे जास्त मोजा. तिथल्या कागदांत प्रत्येक भागाचा हिशेब सापडतो.

आमचं विमान मात्र स्विस नव्हतं. एका आवारात वर्षानुवर्षं उघड्यावर उभं असलेलं, विकणाऱ्याने जाहिरातीत 'लाकूड उत्तम स्थितीत' असं लिहिलेलं. वरून बघितलं तर खोटं वाटणार नाही असं चकचकीत. त्या चकचकीतपणातच गोम होती. पॉडच्या पोटाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. कोणीतरी दर दोन-चार वर्षांनी हौसेने रंग मारत गेलं आणि ती भोकं रंगाखाली बुजून गेली. कॅनॉपीच्या, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, कडेने झिरपलेलं पाणी मग जाणार कुठे? आसनांखालच्या तळाशी साचून राहिलं.

तपासायची पद्धत अगदी जुनी आहे. बाजारात मडकं वाजवून घेतात तसं करायचं. हलक्या हातोडीने किंवा नाण्याने बोटभर-बोटभर अंतर सोडत सगळा पृष्ठभाग ठोकत जायचं. प्लाय आणि बाल्सा घट्ट चिकटलेले असतील तिथे आवाज कोरडा, टणक, आखूड येतो. थर सुटले असतील तिथे बद्द येतो. कान तयार व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाला की अंधारातसुद्धा फसत नाही. मी खडूने गोल करत जाते: बद्द वाजलं की गोल. आमच्या विमानाच्या पोटाखाली आडवी पडून ठोकत होते तेव्हा उजव्या आसनाखाली तीन-चार गोल एकमेकांत मिसळले आणि बशीएवढा एक मोठा डाग झाला. ओलावा मोजायचं यंत्र लावलं, आकडा वर. पटाशीने वरचा प्लाय उचलला तर खालचा बाल्सा बोटाने चुरडला जात होता, रंगाने चहाच्या चोथ्यासारखा.

सगळ्यांचे चेहरे उतरले, पण हे दुरुस्त होण्यासारखं होतं. डाग जिथे होता तिथे विमानाचा मुख्य भार येत नाही. धडधड वाढली ती पंख जिथे पॉडला जोडले जातात तिथल्या धातूच्या पट्ट्या उघडताना. तिथे लाकूड आणि धातू एकमेकांना लागून असतात, दव धातूवर धरतं आणि लाकडात उतरतं. तिथलं लाकूड काळं पडलेलं निघालं तर मी स्वतः सांगितलं असतं की काम थांबवा. ते स्वच्छ निघालं. बोल्ट काढले तेव्हा भोकाच्या आतली स्प्रूस ताज्या रंध्याच्या भुशासारखी पिवळसर होती. त्या दिवशी आम्ही ठरवलं की हे उडणार.

कुजका भाग कापून नवा बसवताना सांधा तिरका घेतात, साधारण एकास बारा उताराचा, म्हणजे चिकटायला भरपूर जागा मिळते. प्लाय विमानाच्याच दर्जाचा हवा, सुताराच्या वखारीतला चालत नाही. सरस कालवला की प्रत्येक वेळी त्याच सरसाने, त्याच लाकडाचे दोन तुकडे जोडून बाजूला ठेवायचे आणि सुकल्यावर ते मोडायचे. लाकूड फाटलं आणि सांधा टिकला, तर काम पास. सांधा सुटला तर विमानावर केलेलं सगळं उचकटून पुन्हा. हँगरमधली हवा दमट असली की मी सरसाला हात लावत नाही, मग तारीख कितीही जवळ असो. आमच्या इंजिनवाल्यांशी माझे सगळ्यांत जास्त खटके याच गोष्टीवरून उडाले आणि त्या बाबतीत मी एक पाऊलही मागे घेतलं नाही. मोडलेल्या तुकड्यांची पेटी मी तारीख घालून ठेवली आहे. तपासनीस आले तेव्हा कागदांआधी त्यांनी ती पेटी मागितली.

आता इंजिन, कारण त्याचं कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. व्हँपायरचं गॉब्लिन हे इंजिन बघताच समजतं, हाच त्याचा मोठा गुण. पुढे एकच मोठं चक्र हवा ओढून बाहेरच्या बाजूला फेकतं, ती सोळा ज्वलनकक्षांत जाते, मागे एकच टर्बाइन. बस. टी-११वरचं गॉब्लिन ३५ साधारण ३,५०० पौंड जोर देतं. आजच्या मानाने काहीच नाही, पण त्या साधेपणामुळेच ते चार माणसांच्या गटाला कळतं आणि सांभाळता येतं. त्याच काळातल्या जर्मन जुमो ००४ इंजिनाशी तुलना करा. निकेल आणि क्रोमियमच्या टंचाईत बनवलेलं ते इंजिन दहा ते पंचवीस तास चाललं तरी नशीब. म्हणून ज्यात ते बसायचं ते जर्मन जेट मेसरश्मिट २६२ नव्याने बांधून उडवणाऱ्यांनी त्यात जनरल इलेक्ट्रिकची नंतरची इंजिनं बसवली. त्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही, ती विमानं उडताना बघायला मिळतात हेच खूप आहे. पण व्हँपायरमध्ये तुम्ही मूळ इंजिनानेच उडता. तो आवाज खरा असतो.

गॉब्लिन विजेवर सुरू होतं, बाहेरून बॅटरीची गाडी जोडून. बटण दाबलं की आधी एक बारीक गुणगुण, मग पेट घेतल्याचा 'धप्' असा आवाज, मग झोताच्या तापमानाचा काटा चढू लागतो. या क्षणी आत बसलेल्या दोघांची नजर फक्त त्या काट्यावर. इंधन जास्त आत गेलं तर मागून ज्वाळांचा लोळ निघतो. बघणाऱ्यांना मजा वाटते, आपल्या पोटात गोळा येतो, कारण टर्बाइनच्या पात्यांचं आयुष्य त्या काही सेकंदांत जळतं. थ्रॉटलही हळूच पुढे न्यावा लागतो. झटका दिला तर हवा कमी आणि इंधन जास्त, आणि इंजिन गुदमरतं. आधुनिक जेटवरून आलेल्या वैमानिकांना हे शिकवायला सगळ्यांत जास्त वेळ द्या. उतरताना इंजिनाचे फेरे पडू द्यायचे नाहीत. एकदा पडले की वर यायला इंजिन आपला वेळ घेतं, धावपट्टी थांबत नाही.

इंजिन बंद झाल्यावरचा एक रिवाज मला फार आवडतो. इंधन तोडलं की एक जण स्टॉपवॉच घेऊन इंजिनाच्या बाजूला उभा राहतो. चक्र थांबायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि कान देऊन ऐकायचं. वेळ नेहमीपेक्षा कमी आला, किंवा शेवटी शेवटी खरखर आली, तर आत काहीतरी घासतंय. उष्णतेने पाती ताणून लांब झालेली असू शकतात, बेअरिंग असू शकतं. नोंद वहीत जाते. आमच्या वहीतले हे आकडे ओळीने वाचले की त्या इंजिनाची नाडी हाताला लागते. मी लाकूडवाली असूनही हे काम मागून घेते.

दुसरी कुठली जेट का नाहीत, हा प्रश्न येणारच. ब्रिटिश मिटिऑर मला मनापासून आवडतं. ५ मार्च १९४३ला उडालेलं, दोस्त राष्ट्रांचं महायुद्धात प्रत्यक्ष कामगिरीवर गेलेलं एकमेव जेट. इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारं आसन, बनवणारी मार्टिन-बेकर कंपनी चाचण्यांसाठी या शतकातही मिटिऑर उडवत आली आहे, यातच त्याच्या बांधणीची ग्वाही आहे. पण दोन इंजिनं म्हणजे दुप्पट इंधन, दुप्पट सुटे भाग, आणि एक इंजिन बंद पडलं की बाजूला खेचणारं विमान. ब्रिटिश हवाई दलाने सुमारे ८९० मिटिऑर अपघातांत गमावली. ज्या गटाकडे अनुभवी मिटिऑर वैमानिक नाही त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकन सेबर सुंदर आहे, पण ते श्रीमंतांचं काम. सोव्हिएत मिग-१५चं दोन आसनी रूप मिळतं, मजबूत आहे, बारा हजारांहून जास्त मिग-१५ बनली, त्यामुळे भाग सापडतात. त्याच्या इंजिनाचं मूळ नीन हे ब्रिटिश इंजिन, तेही समजायला सोपं. टी-३३ हे अमेरिकन प्रशिक्षण जेट घेतलं तर सुट्या भागांची चिंता सगळ्यांत कमी, आणि धातूकाम येणाऱ्या गटाला मी बिनधास्त तेच सुचवेन. तरीही शेजारी-शेजारी बसून शिकवता येणं, एकच साधं इंजिन आणि चालवताना लागणारा हलका हात या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या व्हँपायरमध्येच.

आता दुखणी. रबर सगळं टाकून द्यायचं, यावर चर्चाही नको. इंधनाच्या पिशव्या, नळ्या, सील, कॅनॉपीभोवती हवेने फुगणारी पट्टी, दिसायला कितीही मऊ असलं तरी. वायरिंगचंही तेच. हाताळताना आवरणाचा भुगा होतो. नाकाचं चाक मोकळं फिरतं, वळायचं ते ब्रेक एकेक बाजूला लावून, आणि ब्रेक हवेच्या दाबाचे. जमिनीवर चालताना जो फुस्स-फुस्स आवाज येतो तो त्याचाच. चाक थरथरू नये म्हणून पुढचा टायर दोन कडांचा असतो आणि तो मिळवणं ही स्वतंत्र कटकट आहे. कुठे दिसला तर घेऊन ठेवा.

जुन्या डायलांवरचा अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र लावल्याशिवाय एकही डायल उघडू नका, काच फुटलेला तर मुळीच नाही. कॉकपिट झाडूनही काढू नका. आमच्याकडे एका उत्साही मुलाने ब्रश उचलला होता, मी त्याच्या हातातून काढून घेतला.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र इजेक्शन सीट. टी-११च्या या आसनांत काडतुसं असतात, ती स्फोटकं आहेत आणि त्यांना मुदत असते. डब्यात किती वर्षं आणि विमानात बसवल्यावर किती, दोन्ही वेगवेगळ्या. मुदत संपली की बदलायची, आणि जुन्या आसनांसाठी नवी काडतुसं मिळणं दिवसेंदिवस कठीण होत चाललंय. २२ ऑगस्ट २०१५ला इंग्लंडमध्ये शोरहॅमला हंटर जेट हवाई प्रदर्शनात कोसळलं आणि रस्त्यावरची अकरा माणसं गेली. त्या चौकशीत आसनांच्या काडतुसांचाही प्रश्न पुढे आला आणि तिथे जुन्या जेटनी जमिनीवरून उडताना कसरती करण्यावर बंधनं आली. ती बंधनं मला पूर्ण पटतात. कोलांट्या न मारताही व्हँपायर सुंदर दिसतं. काही गट आसनं निकामी करून साध्या पॅराशूटवर उडतात. पण मागे दोन बूमांच्या मध्ये आडवी शेपटी आहे आणि तुम्ही तिच्या समोरून बाहेर पडणार, हे ज्याला डोळ्यांसमोर आणता येतं तो हा पर्याय सहज निवडणार नाही. व्हँपायरचंच एकआसनी रूप एफबी-६ हे देखणं विमान मी शिफारशीतून गाळलं ते मुख्यतः शेजारी शिकवणारा बसू शकत नाही म्हणून.

उजव्या आसनावर बसून मीही उडाले. जागा अरुंद, खांद्याला खांदा लागतो, हातमोजा पडला तर तो उतरेपर्यंत विसरायचा. वर गेल्यावर जे जाणवतं ते म्हणजे शांतता. आवाज मागे राहतो, कंप जवळजवळ नाही, दांड्याला दोन बोटं पुरतात. खाली बघितलं तर माझ्या पायाखाली तोच तळ, जो मी कापून नव्याने बसवला. तेव्हा मला भीती नाही वाटली, अभिमान वाटला. इंधनाचा काटा मात्र डोळ्यांदेखत खाली येतो. पूर्ण जोरावर तासाला दोन हजार लिटरच्या पुढे जातं, त्यामुळे उड्डाण आखताना परतीचा हिशेब आधी.

घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या. इंजिनाचं लॉगबुक, त्यात उरलेले तास शिक्क्यासह. पॉडवर झालेल्या जुन्या दुरुस्त्यांचे कागद. ते नसतील तर तुमच्याबरोबर लाकूड कळणारं माणूस आणि एक हातोडी. आणि शक्य झालं तर उडण्याच्या लायकीचं नसलेलं दुसरं एक व्हँपायर, त्याच सौद्यात, भागांसाठी. आम्हाला ते नंतर वेगळं शोधावं लागलं आणि त्याच्या डाव्या चाकाच्या पायापासून कॅनॉपीच्या कुलपापर्यंत जवळजवळ सगळं कामाला आलं. पॉड तेवढा ठेवून दिलाय. त्याच्या चांगल्या भागावर नवी मुलं ठोकून कान तयार करतात.